स्वस्तातला स्कोप: प्रोबचं टोक क्लिपला जोडलं तरी ३० मिलिव्होल्ट. दोष स्कोपचा की माझ्या टेबलाचा?

वडगाव_कथील · सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे. स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेज कसं बदलतं ते स्क्रीनवर रेघ काढून दाखवणारं यंत्र) येऊन आठ दिवस झाले, परत पाठवायची मुदत शुक्रवारी संपते.

मी बेळगावात वडगावला राहतो. पॉवरलूमची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. आजवर मल्टिमीटर आणि अंदाज यावरच भागवलं. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशातून आता पहिला स्कोप घेतलाय. दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ, ८ बिट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कुणाचा हेच अजून ठरलेलं नाही.

शेजारच्या गल्लीतल्या एका मागाचं कार्ड आलंय. माग मधेच थांबतो, कार्ड आपोआप रीसेट होतं. कार्डाची सप्लाय अगदी साधी: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ५ व्होल्ट कायम ठेवणारी ७८०५ आयसी. त्या ५ व्होल्टवर प्रोब (स्कोपची मोजायची वायर, एक टोक आणि एक ग्राउंडची क्लिप) लावला तर दर १५ मायक्रोसेकंदाला एक काटा, वरखाली मिळून ८० मिलिव्होल्ट. म्हटलं सापडला चोर. मग सहज प्रोबची क्लिप त्याच्याच टोकाला लावली, कार्डाला काही जोडलं नाही, तरी ३० मिलिव्होल्ट! प्रोब काढून नुसती सॉकेट मोकळी ठेवली तर १२. प्रोब आणि मेनू दोन्ही १०एक्सवर, म्हणजे प्रोब सिग्नल दहाने भागतो आणि स्कोप दहाने गुणून दाखवतो.

परत पाठवू का? तीन दिवस हेच करायलोय, डोकं चालेना.

आणखी एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही: अनवाणी असताना बीएनसीच्या (प्रोब लावायच्या सॉकेटच्या) धातूला बोट लागलं की मुंग्या येतात.

निपाणी_तिठा · सोमवार, रात्री १०:४०

भावा, हे मला पण झालं होतं. स्कोपच्या वायरची जाड पिन काढून टाक. अर्थ तुटला की ग्राउंडचा नॉइज लई कमी होतो. मी ज्यांच्याकडं काम शिकलो त्यांचा स्कोप असाच चालायचा.

दुसरं_गेट · सोमवार, रात्री ११:०५

वडगाव, आधी स्कोपचा प्लग काढा आणि मग पुढचं वाचा.

मी एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली. तुम्ही शेवटी जी ओळ जाता जाता लिहिलीत, तीच माझ्या दृष्टीने पहिली आहे. स्कोपच्या आत, लाइन जिथे शिरते तिथे फिल्टर असतो. त्यात फेज ते बॉडी एक छोटा कपॅसिटर आणि न्यूट्रल ते बॉडी दुसरा. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर त्यांतून येणारा सूक्ष्म प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर ते दोघे २३० व्होल्टची निम्मी-निम्मी वाटणी करतात आणि बॉडी ११५ च्या आसपास लटकत राहते. कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा धरला तर प्रवाह ७० मायक्रोअँपियरच्या घरात जातो. तेवढ्याने माणूस मरत नाही, बोटाला मुंग्या येतात. तुमच्या त्या मुंग्या याच.

निपाणी, तुमच्यावर राग नाही, पण हा सल्ला कृपया पुन्हा कुणाला देऊ नका. पिन कापल्यावर काय होतं ते यांच्या टेबलावर कुणी न कापताच झालेलं आहे आणि नॉइज कमी झालेला नाही. उद्या त्या फिल्टरमधला फेजकडचा कपॅसिटर शॉर्ट झाला, किंवा प्रोबची क्लिप चुकून फेजला लागली, तर स्कोपच्या प्रत्येक उघड्या धातूवर पुरे २३० व्होल्ट येतील आणि फ्यूज उडायला वाटच नसेल. अशा टेबलावर ज्याचा हात पडेल, त्याचाच अर्थ होईल.

आता नॉइजकडे येऊ. वडगाव, तुमच्याच आकड्यांत एक उत्तर लपलेलं आहे. १५ मायक्रोसेकंद म्हणजे साधारण ६५ किलोहर्ट्झ. तुमच्या कार्डावर ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ आहे, स्विचिंग करणारं काहीच नाही. मग ६५ किलोहर्ट्झ आलं कुठून? मोबाइलचे चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर याच वेगाने चालू-बंद होत असतात. टेबलावर काय काय लावलेलं आहे त्याची यादी द्या.

वडगाव_कथील · मंगळवार, सकाळी ७:२०

सर, प्लग काढला.

एका एक्स्टेन्शन बोर्डावर सगळं आहे: स्कोप, सोल्डरिंग आयर्न, मोबाइल चार्जर, आणि भिंगाचा एलईडी दिवा, दोन पिनी. बोर्ड घरातल्या तीन पिनी सॉकेटला लावलेला असतो.

खानापूर_पाऊस · मंगळवार, सकाळी ९:०२

माझा अनुभव सांगते. मी शेताच्या कुंपणाची झटका मशिनं दुरुस्त करते. कुंपणाच्या बाजूला कधीच स्कोप लावत नाही, तिथे हजारोंचे व्होल्ट असतात. फक्त १२ व्होल्टच्या बाजूचा बोर्ड बघते.

माझ्याकडे हातातला बॅटरीवरचा स्कोप आहे. बॅटरीवर असताना रेघ स्वच्छ. तोच स्कोप चार्जिंगला लावून मोजला की स्क्रीनभर गवत उगवतं. चार्जर दोन पिनी आहे, त्याच्या आत लाइनची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक कपॅसिटर असतो, त्यातून सगळं पलीकडे झिरपतं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा मी मुद्दाम मोजायला बसते. घरातलं सगळं बंद असतं, त्यामुळे जे दिसतं ते बोर्डाचंच. लाइट आल्यावर पुन्हा तेच मोजायचं. दोन्हीत जो फरक येतो तो बाहेरून आलेला.

पण बॅटरीचा स्कोप म्हणून बिनधास्त राहायचं नाही. क्लिप जिथे लावाल ते व्होल्टेज बीएनसीच्या धातूवर येतं.

वडगाव_कथील · मंगळवार, दुपारी २:३५

एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. फोटो चढेना, लिहून सांगतो.

प्लग तीन पिनी आहे, बोर्डावरची भोकंही तीन. पण मधली वायर दोनच तारांची! तांबडी आणि काळी. प्लग उघडला तर जाड पिनेचा स्क्रू रिकामा. त्याच्यावर पेचकसाचा ओरखडाही नाही, पितळ नव्यासारखं चकाकत होतं. चार वर्षं मी यावर काम करतोय. माझा सात वर्षांचा पुतण्या शेजारी बसून अभ्यास करतो, तो कितीदा त्या स्कोपच्या बटणांना हात लावतो. दुपारी जेवण गेलं नाही.

खडेबाजारातून तीन तारांची वायर आणि नवा प्लग आणला, स्वतः जोडला. टेबल ते सॉकेट, अर्थच्या तारेची कंटिन्युइटी मल्टिमीटरवर तपासली. मुंग्या बंद.

आकडे:
टोक आणि क्लिप जोडून: ३० चे १९.
कार्डाच्या ५ व्होल्टवर: ८० चे ४५.
भिंगाचा दिवा बंद केला: जोडून १३, कार्डावर २२.

दिवा बंद करताच ते १५ मायक्रोसेकंदाचे काटे गेले, एकही उरला नाही. सर, तुम्ही न बघता सांगितलंत.

दुसरं_गेट · मंगळवार, रात्री ९:१५

छान काम केलंत. जेवून घ्या. बोर्ड विकणाऱ्याने केलेली चूक तुमची नव्हे, आणि ती सापडली हे महत्त्वाचं.

आता उरलेल्या आकड्यांबद्दल. नुसती सॉकेट मोकळी असताना १२ मिलिव्होल्ट म्हणता, तेव्हा मेनू १०एक्सवर होता. म्हणजे प्रत्यक्षात आत १.२ मिलिव्होल्टच आहेत. स्कोप दहाने गुणून दाखवतो, त्यात स्वतःचा नॉइजही गुणला जातो. या किमतीच्या ८ बिट स्कोपला एवढा स्वतःचा नॉइज चालण्यासारखा आहे. टोक आणि क्लिप जोडून आता १३ येतात म्हणजे जवळपास सगळा स्कोपचाच आहे. त्यामुळे रिपल (सप्लायच्या व्होल्टेजवरची बारीक चढउतार) बघताना प्रोब १एक्सवर घ्या, मेनूही १एक्स, कपलिंग एसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज वगळून फक्त चढउतार दिसेल, आणि बँडविड्थ मर्यादा २० मेगाहर्ट्झ चालू, म्हणजे त्याहून वेगवान नॉइज गाळला जाईल. १एक्सवर प्रोबची बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, पण रिपलला ती भरपूर झाली. १०एक्स वेगवान सिग्नलसाठी राखा.

आता क्लिप. ग्राउंड म्हणजे एक बिंदू असं आपण कागदावर काढतो. टेबलावर मात्र ती एक वायर असते, आणि वायरला स्वतःचं इंडक्टन्स असतं, दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री. तुमची क्लिपची वायर १५ सेंटिमीटर असेल तर १५० नॅनोहेन्री झाले. प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स १५ पिकोफॅरड धरा. हे दोघं मिळून १०० मेगाहर्ट्झच्या आसपास घंटेसारखे वाजतात. तेव्हा एखाद्या काट्यामागे बारीक थरथर दिसली तर तो दोष कार्डात शोधू नका, ती प्रोबची आहे.

शिवाय टोक, क्लिप आणि मधली वायर मिळून एक वेटोळं होतं, आणि वेटोळं म्हणजे अँटेना. आज रात्री एक करून बघा: टोक क्लिपला जोडा, दिवा चालू करा आणि ते वेटोळं दिव्याच्या बुंध्याजवळ हळूहळू न्या. मग कार्डाच्या ट्रान्सफॉर्मरजवळ न्या. काय दिसतं ते लिहा.

निपाणी_तिठा · मंगळवार, रात्री ९:५०

सर, पिनेचं मी मागं घेतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं फाट् झालं होतं, ते यातलंच असणार. एसएमपीएसची (स्विचिंग सप्लायची) पहिली, लाइनकडची बाजू बघत होतो. ब्रिजनंतरच्या मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला ग्राउंड समजून क्लिप लावली. क्लिपचं तोंड वितळलं, ब्रिज गेला, घरचा एमसीबी पडला. तवापासून पिन काढून टाकली आणि तेच बरोबर वाटत राहिलं.

दुसरं_गेट · मंगळवार, रात्री १०:१०

बरोबर ओळखलंत. त्या कपॅसिटरचा मायनस अर्थ नव्हे. तो ब्रिजच्या डायोडमधून आळीपाळीने फेजला आणि न्यूट्रलला जोडला जातो. तुमची क्लिप स्कोपच्या बॉडीतून अर्थला गेलेली. म्हणजे फेज, डायोड, क्लिप, अर्थ असा सरळ शॉर्ट.

उपाय दोन. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्यावर दुरुस्तीचा बोर्ड चालवा, स्कोप नव्हे. स्कोपचा अर्थ जागेवरच राहू द्या. किंवा दोन प्रोब वापरा: दोन्हींच्या क्लिपा बोर्डापासून लांब एकमेकींत अडकवा, दोन टोकं दोन बिंदूंवर ठेवा, आणि स्कोपच्या मॅथ मेनूत पहिल्या चॅनेलमधून दुसरा वजा करा. दोन्ही प्रोब १०एक्सवर हवेत, आणि प्रोबवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा आधी वाचा. वजाबाकी तितकी स्वच्छ येत नाही, पण काही वितळत नाही.

पिन मात्र उद्याच परत बसवा.

निपाणी_तिठा · मंगळवार, रात्री १०:२२

बसवतो सर. उद्या नाही, आत्ताच.

अजून एक शंका. मी स्क्रीनवरच्या चौकटीला १ व्होल्ट प्रति खाना ठेवून ५ व्होल्टची रेघ बघतो, तिच्यावर कायम ३० मिलिव्होल्टची पायरी नाचते. हा पण नॉइज काय?

खानापूर_पाऊस · मंगळवार, रात्री १०:३१

दादा, ती मोजपट्टीची खूण आहे. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. उभे ८ खाने, १ व्होल्टचा एक, म्हणजे ८ व्होल्ट. त्याला २५६ ने भागा, ३१ मिलिव्होल्ट येतात. त्यापेक्षा बारीक तो दाखवूच शकत नाही. एसी कपलिंग करा म्हणजे ५ व्होल्ट वजा होतील, आणि मग खाना १० मिलिव्होल्टवर आणा.

वडगाव_कथील · बुधवार, सकाळी ६:४८

सर, रात्री साडेबारापर्यंत तेच करत बसलो.

वेटोळं दिव्याच्या बुंध्याजवळ नेलं की काटे वाढत जातात, ६० पर्यंत गेले. आडवं धरलं की मोठे, उभं धरलं की जवळजवळ नाहीसे. हातभर लांब गेलं की संपले. ट्रान्सफॉर्मरजवळ वेगळंच, २० मिलिसेकंदाची मऊ लाट. मल्टिमीटरने हे मला जन्मात दिसलं नसतं. चार्जरही तपासला, त्याचे काटे दिव्यापेक्षा बारीक आहेत पण आहेत. दोन्ही आता दुसऱ्या भिंतीवर हलवलेत, मोजताना बंद.

मग एक मनानेच केलं. कार्ड चालू ठेवलं, दिवा पुन्हा लावला, क्लिप कार्डाच्या ग्राउंडला, आणि टोकही कथलाच्या त्याच डागावर. एकाच जागी दोन्ही असताना शून्य यायला हवं ना? १७ आले.

दुसरं_गेट · बुधवार, सकाळी ८:०५

ही चाचणी मी आज सांगणारच होतो, ती तुम्हाला आपसूक सुचली याचा मला फार आनंद झाला.

दोन्ही एकाच डागावर असूनही जे दिसतं, त्यातला एक भाग स्कोपचा आणि वेटोळ्याचा. पण तुमचे हवेतले १३ आणि इथले १७, यांतली वाढ कार्डाकडून क्लिपच्या वायरीतून स्कोपच्या अर्थकडे वाहणाऱ्या प्रवाहाची आहे. दिवा दुसऱ्या भिंतीवर गेला तरी कार्ड, दिवा, स्कोप सगळे घराच्या एकाच लाइनवर, त्यामुळे दिव्याच्या ड्रायव्हरने लाइनवर टाकलेली घाण या वाटेने घरी परतते. ती वायर लांब असल्याने तिच्या दोन टोकांत व्होल्टेज पडतं आणि स्कोप ते सिग्नल म्हणून दाखवतो. कुठल्याही कार्डाची रिपल लिहून घेण्याआधी हा आकडा घ्यायचा. रिपल याच्या जवळपास असेल तर ती मोजली गेली असं म्हणायचं नाही.

प्रोबच्या डबीत एक छोटी स्प्रिंग आली असेल, बऱ्याच जणांना ती कसली तेच कळत नाही. प्रोबची टोपी काढून ती टोकाजवळच्या धातूच्या कड्यावर बसवायची. ग्राउंडची वाट १५ सेंटिमीटरची १ सेंटिमीटर होते.

आता मल्टिमीटर घ्या आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं एसी व्होल्टेज मोजा. एकदा सकाळी, एकदा गल्लीतले माग चालू असताना.

वडगाव_कथील · बुधवार, दुपारी १२:१५

सकाळी माग बंद असताना १.२ व्होल्ट. आत्ता ९. अर्थ खराब आहे काय? आमचे काका म्हणतात फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघ, पेटला तर चांगला.

दुसरं_गेट · बुधवार, दुपारी १२:३०

बल्ब लावू नका! काकांची पद्धत जुनी आणि सगळीकडे चालणारी आहे, पण हिशोब बघा. १०० वॉटचा बल्ब पेटल्यावर ५२९ ओहमचा. तुमच्या अर्थचा रेझिस्टन्स समजा १०० ओहम असेल, तर घरातल्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक बॉडीवर ३६ व्होल्ट येतात. बल्ब जरा मंद पण पेटलेला दिसतो, आणि न्हाणीत कुणीतरी गिझरच्या नळाला हात लावतो. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, नसेल तर हा खेळ जिवावरचा आहे. अर्थ टेस्टर असलेला वायरमन बोलवा.

९ व्होल्टपैकी काही भाग मागांच्या भारामुळे न्यूट्रलवर पडणारा आहे, तो तुम्हाला घरातून घालवता येणार नाही.

वडगाव_कथील · गुरुवार, रात्री ८:५०

वायरमन येऊन गेले, अनगोळचे. सॉकेट उघडून, मग मागच्या अंगणातला खड्डा बघून एकच वाक्य बोलले, "अर्थ सरी बंदिल्ल री", म्हणजे अर्थ नीट आलेला नाही. तार होती, पण खड्ड्यातल्या जीआय पाइपाला जिथे बोल्टने आवळलेली, तिथे बोल्ट गंजून नुसता टेकलेला. बोटाने हलवला तर तार सुटून हातात आली. घासून, नवा बोल्ट, नवी लग. वरचं मीठ-कोळशाचं कोरडं ठाक पडलेलं, त्यांनी चार बादल्या पाणी ओतायला लावलं आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला ओत म्हणाले. आरसीसीबी आमच्याकडे नव्हता, तोही बसवून घेतला.

माग चालू असताना आता ४ व्होल्ट.

आणि स्प्रिंग! दहा दिवस डबीत पडून होती, मी ती पेनाची समजत होतो. स्प्रिंग, १एक्स, एसी, २० मेगाहर्ट्झ मर्यादा, दिवा बंद: एकाच डागावर टोक आणि स्प्रिंग ठेवून १ मिलिव्होल्टच्याही खाली. ८० पासून इथवर. स्कोप परत पाठवत नाही.

आता खरी गोष्ट. मी पहिल्यापासून ५ मायक्रोसेकंदावर अडकून बसलो होतो, कारण काटे तिथेच दिसत होते. आज रेघ स्वच्छ झाल्यावर वेळ ५ मिलिसेकंद प्रति खाना केली. ५ व्होल्टच्या रेघेत दर १० मिलिसेकंदाला एक बारीक खड्डा, ६० मिलिव्होल्टचा. म्हणजे १०० हर्ट्झ. मग मागाच्या सोलेनॉइडच्या जागी १२ व्होल्टचा बल्ब जोडून कार्डावर भार दिला, खड्डा ४०० पार गेला. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून मोजला, १८० उरलाय. वरून अगदी ठणठणीत दिसतो, फुगलेला नाही, गळलेला नाही. म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. भार आला की ७८०५ ला पुरेसं व्होल्टेज मिळत नव्हतं आणि कार्ड रीसेट होत होतं.

नवा, १०५ डिग्री तापमान सोसणारा टाकला. त्याच भारावर खड्डा दिसतच नाही.

निपाणी_तिठा · गुरुवार, रात्री ९:०५

लई भारी भावा! माझी पिन बसवली. सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट आहे. दुकानातल्या तिन्ही एक्स्टेन्शनच्या वायरी उघडल्या, एक दोन तारांची निघाली.

खानापूर_पाऊस · गुरुवार, रात्री ९:४०

माझ्या प्रोबबरोबर स्प्रिंग आलीच नव्हती. घरी करता येईल का?

वडगाव_कथील · शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

ताई, येते. सरांनी फोनवर सांगितलं तशी दुसऱ्या प्रोबसाठी केली. लवचिक राहील अशी बारीक पोलादी तार घ्या, गिटारची चालते. टोपी काढल्यावर दिसणाऱ्या कड्यापेक्षा किंचित बारीक खिळ्यावर तीन-चार वेढे घट्ट मारा, आणि शेवट ८-१० मिलिमीटर सरळ सोडा, टोकाच्या बाजूने पुढे येईल असा. मी वेढ्यांना कथील दिलं होतं, त्याने ती ताठ होऊन निसटायला लागली, तेव्हा कथील देऊ नका.

कार्ड आज सकाळी मागावर चढवलं. दुपारपर्यंत एकदाही थांबलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या साडी उतरली की कळवते, आत्ता फोन आला.

दुसरं_गेट · शुक्रवार, संध्याकाळी ६:२५

जुना कपॅसिटर फेकू नका, वडगाव. त्यावर तारीख आणि १८० लिहून डबीत ठेवा. पुढचं असं कार्ड आलं की आधी तोच लावून खड्डा कसा दिसतो ते बघता येईल.